पुंडलिकाची वीट आणि श्रावणाची कावड

अतिनाट्य हा शब्द मराठी समीक्षेत वर्णनासाठी कमी आणि निकालासाठी अधिक वापरला गेला आहे. एखाद्या कलाकृतीस अतिनाट्यमय ठरविले की तिचा अधिक विचार करण्याचे कारण उरत नाही, असा एक अलिखित संकेत रूढ झालेला दिसतो. वास्तववाद हा जाणत्यांचा प्रांत आणि अतिनाट्य हा भाबड्यांचा, अशी ही वाटणी आहे. उपेक्षित वृद्ध माता-पित्यांवरील चित्रपटांच्या बाबतीत तर ती विशेषच सोयीची ठरते. कारण या विषयावरील बहुसंख्य मराठी-हिंदी चित्रपट प्रेक्षकास रडविण्याचा आपला हेतू लपवीतही नाहीत. समीक्षक नाक मुरडतो, प्रेक्षक डोळे पुसतो आणि दोघेही आपापल्या घरी जातात. घरी कोण बसले आहे, हा प्रश्न मात्र दोघांनाही सारखाच लागू असतो, आणि या वाटणीमुळे नेमकी त्यालाच बगल दिली जाते.

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, तिवसा तालुक्यात, गुरुकुंज मोझरी आहे. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली तेथे आश्रमाची स्थापना केली. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांनी देह ठेवला आणि त्यांची समाधीही तेथेच आहे. दरवर्षी आश्विनात भरणाऱ्या पुण्यतिथी महोत्सवाला खेड्यापाड्यांतून जी माणसे लोटतात त्यांत वृद्धांचा भरणा मोठा असतो. खंजिरीचा ठेका धरला गेला की या माणसांच्या माना डोलू लागतात, कीर्तनकाराने करुण प्रसंग रंगविला की पदर डोळ्यांना लागतात. आणि हीच माणसे ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराजांच्या निर्वाणाच्या घटकेला, मौन श्रद्धांजलीसाठी अशी काही स्तब्ध होतात की एवढा मोठा जनसमुदाय येथे आहे याची खूण फक्त डोळ्यांना पटावी. सामुदायिक प्रार्थनेची शिस्त हा या संप्रदायाचा कणाच आहे. रांगेत बसणे, शांत बसणे, बोलण्याआधी ऐकणे. तेव्हा ग्रामीण प्रेक्षकाला भडकच लागते, संयत काही पचत नाही, हे जे चित्रपटधंद्याचे आणि काही अंशी समीक्षेचेही गृहीतक आहे, ते निदान मोझरीत टिकत नाही. अश्रू आणि मौन या दोन्ही भाषा त्याला येतात. कोणत्या प्रसंगी कोणती वापरायची, एवढाच प्रश्न असतो.

कीर्तनातील आख्यान आणि अतिनाट्य यांचे नाते येथे पाहण्यासारखे आहे. मराठी भक्तिपरंपरेच्या अगदी मुळाशी जी कथा आहे ती उपेक्षित माता-पित्यांचीच कथा आहे. लोकप्रचलित आख्यानातील पुंडलिक हा आरंभी मातृपितृभक्त नाहीच. काशीयात्रेच्या वाटेवर तो स्वतः पत्नीसह सुखाने जातो आणि म्हातारे आईबाप पायी फरफटत येतात. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याला आपल्या पापाचे दर्शन घडते, तो पालटतो, आणि पुढे साक्षात देव दारी आला तरी सेवेत खंड नको म्हणून त्याच्यापुढे वीट भिरकावतो. आख्यानाचे सारे अतिनाट्यमय घटक या कथेत हजर आहेत: टोकाचे दुर्वर्तन, डोळे उघडणारा चमत्कार, हृदयपालट आणि जगासमोर पुण्याची प्रतिष्ठापना. महाराष्ट्राचे दैवत विटेवर उभे आहे ते एका सुधारलेल्या कृतघ्न मुलामुळे. या वस्तुस्थितीकडे अतिनाट्याचा तिरस्कार करणाऱ्यांनी पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही.

योगायोग असा की भारतीय चित्रपटाच्या उंबरठ्यावरही हीच कथा उभी आहे. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी मुंबईत गिरगावातील कॉरोनेशनमध्ये दाखविला गेला. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर जवळजवळ वर्षाने, ३ मे १९१३ रोजी. तरीही पहिलेपणाचा मान तोरण्यांना सहसा दिला जात नाही, आणि त्याची जी कारणे दिली जातात त्यांत एक महत्त्वाचे कारण असे की तो चित्रपट नसून रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते. म्हणजे मुलाने आईबापांना विसरण्याची कथा पडद्यावर आली ती नाटकाचा शिक्का कपाळी घेऊनच, आणि त्या शिक्क्यापायीच तिची गणना झाली नाही. पुढील शंभर वर्षांत या विषयावरील चित्रपटांच्या वाट्याला समीक्षेकडून जे आले त्याची ही जणू नांदीच होती.

पीटर ब्रुक्स यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द मेलोड्रॅमॅटिक इमॅजिनेशन’ या ग्रंथात अतिनाट्याला प्रथमच भारदस्त सैद्धांतिक अधिष्ठान मिळवून दिले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर धर्म आणि राजसत्ता यांची पवित्रता ढासळली. चांगले काय आणि वाईट काय हे सांगणारी सर्वमान्य सत्ता उरली नाही. त्या पोकळीत नीती पुन्हा दृश्य, ठसठशीत, वाचता येईल अशी करण्याचे काम अतिनाट्याने अंगावर घेतले, असे त्यांच्या विवेचनाचे सार सांगता येईल. विवेचन मार्मिक आहे; परंतु ते जसेच्या तसे वऱ्हाडात आणता येत नाही. मोझरीला येणाऱ्या माणसाच्या जगातून पवित्राचा लोप झालेला नाही. आईबापांची सेवा हे पुण्य आहे याबद्दल तेथे कोणालाच शंका नाही; शंका आहे ती सेवा परवडण्याबद्दल. येथील अतिनाट्य हरवलेली नीती शोधत नसते. सर्वांना ठाऊक असलेली नीती जो पाळत नाही त्याला ते चारचौघांत हाक मारते. गाडगे महाराजांचे कीर्तन प्रश्नोत्तरांतून चालत असे. ते प्रश्न विचारीत आणि समुदायाकडून उत्तर वदवून घेत. ज्याचे उत्तर त्याच्याच तोंडून निघाले तो मग निरुत्तर होई. ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७) या राजदत्त यांच्या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी हा संवाद पडद्यावर आणला. त्याच लागूंनी सात वर्षांपूर्वी रंगभूमीवर मुलांनी नाकारलेला बाप उभा केला होता. एकाच नटाच्या कारकिर्दीत कीर्तनातला जाब विचारणारा आणि ज्याच्या वतीने जाब विचारायचा तो, असे दोघेही यावेत, हे मराठी नाट्यपरंपरेच्या स्वभावाला धरूनच झाले.

आपल्या काव्यशास्त्राकडे वळले तर एक अधिक उपयुक्त भेद हाती लागतो. करुण आणि विप्रलंभ यांतील फरक सांगताना भरताने करुण हा निरपेक्ष आणि विप्रलंभ हा सापेक्ष म्हटला आहे. विप्रलंभात पुनर्मीलनाची आशा असते. करुणात ती संपलेली असते. या कसोटीवर आपले माता-पित्यांचे चित्रपट घासून पाहिले तर ते करुणाचा वेष घेतलेले विप्रलंभाचे चित्रपट आहेत असे ध्यानात येते. बाप मुलाची वाट पाहतो, प्रेक्षक मुलाच्या पश्चात्तापाची वाट पाहतो, आणि कथाकार दोघांनाही फार काळ ताटकळत ठेवीत नाही. राजा परांजपे यांच्या ‘ऊन पाऊस’ने (१९५४) मराठीत या कथेला कौटुंबिक रूप दिले. त्याच वळणाच्या कन्नड ‘स्कूल मास्तर’मध्ये (१९५८) मुलांनी टाकलेल्या शिक्षकाच्या मदतीला त्याचा जुना विद्यार्थी धावतो, मोहन कुमार यांच्या ‘अवतार’मध्ये (१९८३) बाप स्वतःच्या कारागिरीवर पुन्हा श्रीमंत होतो, रवी चोप्रा यांच्या ‘बाग़बान’मध्ये (२००३) निवृत्त बँक कर्मचारी पुस्तक लिहितो आणि त्या पुस्तकाने त्याला कीर्ती व पैसा मिळतो. आशेचे हे तीन वाहक नीट पाहावेत. पहिल्यात निदान ऋणानुबंध आहे. उरलेल्या दोहोंत पैसा आहे. मुलांना लाज वाटावी म्हणून बापाने आधी धनवान व्हावे लागते, ही या चित्रपटांची खरी नैतिक अडचण आहे, आणि ती अश्रूंच्या अतिरेकाहून कितीतरी गंभीर आहे. निर्धन राहिलेल्या बापाबद्दल मुलाला काय वाटावे, याचे उत्तर देण्याची वेळ हे चित्रपट येऊच देत नाहीत.

लिओ मॅकॅरी यांच्या ‘मेक वे फॉर टुमॉरो’शी (१९३७) तुलना करणे येथे अपरिहार्य आहे. घर बँकेकडे गेलेले वृद्ध जोडपे, मुलांनी केलेली त्यांची वाटणी, आई एकाकडे आणि वडील दुसरीकडे, हा प्रसंग ‘बाग़बान’च्या प्रेक्षकाला परिचित वाटेल. मॅकॅरी मात्र कोणालाही परत आणीत नाहीत. म्हातारा-म्हातारी न्यूयॉर्कमध्ये एक दिवस हिंडतात, मधुचंद्राच्या वेळच्या हॉटेलात जातात, आणि आगगाडीच्या फलाटावर एकमेकांचा निरोप घेतात. पत्नी वृद्धाश्रमात जाणार आहे हे पतीला सांगितलेलेही नसते. हा निरपेक्ष करुण आहे. स्टुडिओने सुखान्ताचा आग्रह धरला होता आणि मॅकॅरींनी तो मानला नाही. विशेष असे की या चित्रपटातील मुले दुष्ट नाहीत. ती अडचणीत आहेत, थोडी स्वार्थी आहेत, आणि त्यांची घरे लहान आहेत.

यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) याच वाटेने पुढे जातो. ओनोमिचीहून मुलांना भेटायला आलेले म्हातारे जोडपे मुलांच्या कामाच्या आड येते, म्हणून त्यांना आतामीच्या स्वस्त विश्रामगृहात धाडले जाते. आईच्या अंत्यविधीनंतर मुलगी तिच्या कपड्यांची मागणी करते. सर्वांत माया लावते ती युद्धात मेलेल्या मुलाची विधवा, म्हणजे रक्ताचे नाते नसलेली सून. (तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले होते, त्यांना हा चित्रपट कोणी दाखविला असता तर त्यातील आगगाड्यांचे आणि मौनाचे त्यांनी काय केले असते, हा कल्पनेचा खेळ मनोरंजक आहे.) ओझूंच्या म्हाताऱ्यांचे एक लक्षण मात्र जपूनच ठेवण्यासारखे आहे. आपली मुले इतरांच्या मुलांपेक्षा बरीच म्हणायची, असे ते एकमेकांना सांगतात. प्रेक्षकाने नुकतेच सारे पाहिलेले असते. उपेक्षा झाली नाही असे उपेक्षितानेच म्हणावे, यात जे आहे ते कोणत्याही आक्रोशात मावणारे नाही.

मराठी रंगभूमीने या दोन टोकांना एकाच दशकाच्या आसपास स्पर्श केला. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ २३ डिसेंबर १९७० रोजी, नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या दिग्दर्शनाखाली, रंगमंचावर आले. ‘किंग लियर’ची छाया त्यावर आहे आणि गणपतराव बेलवलकर हे नट असल्यामुळे त्यांच्या बोलण्यातील नाट्य हे त्यांच्या स्वभावातच मुरलेले आहे. अतिनाट्याला इतके चपखल समर्थन क्वचितच मिळाले असेल: नायकालाच दुसरी भाषा येत नाही. २०१६ सालच्या चित्रपटात ही भाषा तशीच राहिली, पण भोवतालचे घर कॅमेऱ्याने खरे करून टाकले, आणि खऱ्या दिवाणखान्यात ती भाषा काहीशी परकी झाली. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त याउलट कोणी खलपात्रच नाही. एक मुलगा परदेशी स्थिरावला, दुसरा सैन्यात गेला. नाना-नानींना कोणी हाकलले नाही, कोणी अपमान केला नाही. फक्त कोणी उरले नाही. तरीही मराठी चित्रपटाने आदर्श म्हणून उचलले ते बेलवलकरांचे घर, नाना-नानींचे नव्हे. खलपात्राशिवाय तिकीटबारी कशी भागवायची, हे त्याला कधी सुचलेच नाही असे म्हणणे भाग आहे.

आता वऱ्हाडातील एखादे घर घ्यावे. दोन भावांचे वावर वाटून झालेले, सातबाऱ्यावर बापाचे नाव होते ते उतरलेले. बुढा एका लेकाकडे, बुढी दुसऱ्याकडे; किंवा दोघांची महिन्या-महिन्याने पाळी. शहरी समीक्षकाला ‘बाग़बान’मधील आईबापांची वाटणी कृत्रिम वाटली, तेव्हा ती खेड्यात किती सर्रास घडते हे त्याच्या कानी आलेले नव्हते. अतिशयोक्ती ठरलेली गोष्ट येथे व्यवहार आहे. परंतु याच घरात अतिनाट्याची दुसरी अट पुरी होत नाही. छपरीत बाज टाकून बापाला झोपविणारा लेक स्वतः सोयाबीनच्या भावाने आणि सोसायटीच्या कर्जाने आडवा झालेला असतो. सुनेच्या तोंडून निघणारा कडू शब्द हा आधी रिकाम्या डब्याला उद्देशून असतो. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’तील (१९५५) सर्वजया इंदिर ठाकरुणला घालवून देते तेव्हा प्रेक्षक तिच्यावर रागावू शकत नाही, याचे कारण दिग्दर्शकाने तिचे स्वयंपाकघर आधी दाखविलेले असते. वास्तववादाचे सामर्थ्य संयमात आहे असे नेहमी म्हटले जाते. ते अधिक नेमकेपणे क्रमात आहे: अन्नाचा डबा आधी, वृद्धेचा अपमान नंतर. क्रम उलटा केला की तोच प्रसंग अतिनाट्य होतो.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) हा विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात शिरतो. शेजारच्या आत्महत्येनंतर आपला नवराही जीव देईल या धास्तीने बायको त्याच्यावर डोळ्यात तेल घालून पाळत ठेवते. घरात म्हातारी आई आहे. ज्योती सुभाष यांनी तिचे काम केले आहे. या चित्रपटाचा विषय वृद्धांची उपेक्षा हा नाही, पण विषयाची खरी उलथापालथ येथेच होते. नेहमीच्या चित्रपटात मुलगा आईकडे पाहत नाही म्हणून आई झुरते. येथे साऱ्या घराचे डोळे मुलाकडे लागले आहेत, कारण तो उद्या असेल की नाही याचीच खात्री नाही. ज्या प्रदेशात हजारो घरांत वयात आलेला, कर्ता पुरुष आधी गेला आणि म्हातारे मागे राहिले, तेथे मुलांच्या कृतघ्नतेवरील चित्रपट हा दुसऱ्याच एखाद्या, सुस्थित समाजाचा चित्रपट वाटावा, हे स्वाभाविक आहे.

येथे पुंडलिकाची कथा अपुरी पडते आणि श्रावणबाळाची आठवते. श्रावणाची कथा सहसा आदर्श सेवेची म्हणून सांगितली जाते. कावड खांद्यावर घेतलेला मुलगा हे तिचे चित्र शालेय पुस्तकांपर्यंत पोहोचले आहे. पण कथा तेथे संपत नाही. श्रावण मरतो. राजाच्या बाणाने मरतो, राजाने जाणूनबुजून मारलेला नसतो, आणि मागे उरतात ते आंधळे आईबाप. पाणी घेऊन येतो तो राजा. त्यांच्या शोकात पश्चात्तापाची, पुनर्मीलनाची कसलीही सोय नाही. भरताच्या अर्थाने हा शुद्ध करुण आहे, आणि त्यात जाब विचारला जातो तो मुलाला नव्हे. महाराष्ट्र शासनाच्या पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेचे नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना असे आहे. हे नाव देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कावडच असणार. बाणाचा प्रसंग त्याच्या ध्यानी आला नसावा. वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असण्याची अट, दरमहा मिळणारी रक्कम २०१९ पर्यंत ६०० रुपये, मग १,०००, २०२३ पासून १,५००. नाव आख्यानातून घेतलेले आणि आकडे वास्तववादी, असा हा शासकीय संकर आहे.

कायद्यानेही दोन पायऱ्यांत हेच काम केले. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने निर्वाहखर्च मागू शकणाऱ्यांत आईबापांचा समावेश केला आणि २००७च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे आणली. न्यायाधिकरणासमोर मात्र आईला ओझूंच्या म्हाताऱ्यांच्या नेमके उलट बोलावे लागते: माझा लेक मला पाहत नाही, हे लिहून द्यावे लागते. कीर्तनकार तिच्या वतीने बोलत होता तेव्हा तिला गप्प राहता येत होते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ने (२०१३) आणखी एक वाट दाखविली. स्मृती हरपत चाललेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे भटकत जातात. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली आहे. मुलीची चिडचिड, अपराधीपण, थकवा हे सारे आहे, पण दोष कोणाचाच नाही. माहुताची कन्नडभाषक बायको या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरू समजून सांभाळते, तेव्हा चित्रपट अतिनाट्याच्या अगदी काठावर येतो आणि पडत नाही. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परंतु ‘अस्तु’चे घर पुस्तकांचे, शहरी आणि पोटापाण्याची चिंता नसलेले आहे, तेथे प्रश्न कोणी सांभाळायचे हा आहे, कशावर सांभाळायचे हा नाही.

मोझरीच्या आसपासच्या गावांत वृद्धांना हयात असल्याचा दाखला देण्यासाठी तालुक्याला जावे लागते. लेक मजुरी बुडवून, कुणाची तरी मोटारसायकल मागून आणतो. माय मागे बसते, एका हाताने पदर आणि दुसऱ्याने लेकाच्या सदऱ्याची कड धरते. हमरस्त्यावर ट्रक जवळून गेला की ती डोळे मिटते. कार्यालयात तिने स्वतः उभे राहायचे असते, म्हणून तो बाहेर थांबतो, बिडी पेटवितो, मध्येच आत डोकावतो. आतला माणूस विचारतो, घरी पाहणारे कोणी आहे काय. ती क्षणभर दाराकडे पाहते. होय म्हटले तर पैसे जातील अशी भीती आहे, नाही म्हटले तर लेक ऐकेल अशी. शेवटी ती आपला अंगठा पुढे करते.